दगडातला अपभ्रंश

पिसाचा कलता मनोरा ठाऊक नाही असा शाळकरी मुलगा आपल्याकडे विरळाच. जगातल्या आश्चर्यांच्या याद्यांतून आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून हा मनोरा घरोघर पोचलेला आहे. पण तो कशाचा मनोरा, हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. ते एका चर्चचे घंटाघर आहे. त्याचा पाया ११७३ साली घातला गेला आणि तिसरा मजला चढतो न चढतो तोच ते एका अंगाला झुकू लागले. त्याच्या शेजारी उभे असलेले संगमरवरी चर्च त्याहून शंभर वर्षांनी जुने. पिसाच्या आरमाराने पालेर्मोवर चढाई करून जी लूट आणली, तिच्यातून १०६३ च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले. मनोऱ्याचे कलणे इतके गाजले, की ज्या शैलीत हे सारे बांधले गेले तिचे नाव मात्र मागे पडले. ती शैली म्हणजे रोमनेस्क. इसवी सन १००० नंतरची सुमारे दोनशे वर्षे पश्चिम युरोपात जे जे मोठे बांधले गेले, ते बहुतेक याच शैलीत मोडते.

हे नाव त्या बांधकाम करणाऱ्यांचे नव्हे. बाराव्या शतकातल्या एखाद्या फ्रेंच गवंड्याला ‘तू रोमनेस्क बांधतोस’ असे कुणी म्हटले असते, तर तो नुसता बघत राहिला असता. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी दिले, आणि ते देताना त्यांच्या मनात आदर होता असे म्हणवत नाही. नॉर्मंडीतला शार्ल द जेर्व्हिल हा जुन्या वास्तूंचा अभ्यासक. १८१८ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने या बोजड इमारतींसाठी ‘रोमान’ हा शब्द सुचवला. त्याचा युक्तिवाद असा : रोमन लोकांची लॅटिन भाषा आमच्या अडाणी पूर्वजांच्या तोंडी पडून मोडली, तिच्यातून फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या ‘रोमान्स’ भाषा निघाल्या. तसेच रोमन वास्तुकलेचे झाले. ती याच पूर्वजांच्या हाती पडून बिघडली, आणि तिच्यातून ही चर्चे निघाली. म्हणून भाषेला जे नाव तेच वास्तूला.

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द तयार आहे : अपभ्रंश. संस्कृताचे प्राकृत, प्राकृताचा अपभ्रंश आणि अपभ्रंशातून मराठी, अशी वंशावळ आपण शाळेत पाठ केलेली असते. ‘भ्रंश’ म्हणजे घसरण हे त्या नावातच आहे, आणि तरीही ज्ञानेश्वरी याच घसरणीच्या पायथ्याशी उभी आहे, याचे आपल्याला कधी नवल वाटत नाही.

जेर्व्हिलनंतर वर्षभरातच, १८१९ मध्ये, विल्यम गन नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या ग्रंथात ‘रोमनेस्क’ हा शब्द वापरला आणि तो का वापरला याचा खुलासाही केला. रोम शहरात, तो म्हणतो, अस्सल रहिवासी स्वतःला ‘रोमानो’ म्हणवतो. जो पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतो, पण ज्याचे मूळ बाहेरचे किंवा शंकास्पद, त्याला तो ‘रोमानेस्को’ म्हणतो. म्हणजे गावातला खरा, पण गावचा नव्हे. ज्यांची घराणी चार पिढ्या एका गावात काढूनही ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न ऐकत आली आहेत, त्यांना हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जात असेल हे वेगळे सांगायला नको.

भाषेची ही उपमा मात्र वाऱ्यावरची नव्हती. ८१३ साली तूर येथे भरलेल्या धर्मसभेने ठराव केला, की प्रवचन लोकांना कळेल अशा भाषेत, म्हणजे गावठी रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत सांगावे. याचा अर्थ उघड आहे. देवळात चालणारी लॅटिन समोर बसलेल्यांना कळेनाशी झाली होती. पुढे ८४२ मध्ये शार्लमेनचे दोन नातू स्ट्रासबर्ग येथे सैन्यासमोर शपथ घेण्यास उभे राहिले, तेव्हा जर्मन बाजूच्या राजाने रोमान्स बोलीत आणि फ्रेंच बाजूच्या राजाने जर्मन बोलीत शपथ घेतली. दुसऱ्याच्या शिपायांना कळावे म्हणून. ज्या प्रदेशात ही शैली पुढे वाढली, तो असा दुभाषी मुलूख होता.

तेव्हा प्रश्न असा, की या चर्चांना ‘बिघडलेले रोम’ म्हणणे कितपत खरे? पाठ्यपुस्तके या शैलीची लक्षणे सांगतात ती अशी : अर्धवर्तुळाकार कमानी, जाड भिंती, लहान खिडक्या, भक्कम खांब, दगडी छत, मोठे मनोरे. यादी बरोबर आहे, पण तिच्यावरून काही कळत नाही. भिंती जाड का? खिडक्या लहान का? त्या लोकांना उजेड नको होता काय? या सगळ्या लक्षणांच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी एकच इच्छा सापडते. त्यांना डोक्यावर लाकूड नको होते, दगड हवा होता.

त्याआधी काय होते ते पाहू. चौथ्या शतकात रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला, तेव्हा चर्चसाठी नमुना घेतला गेला तो रोमन सभागृहाचा. मधे उंच लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्या पलीकडे बुटक्या पडव्या आणि वर कैच्यांचे लाकडी छप्पर. आपल्या जुन्या घरांतले माजघर आणि पडवी डोळ्यांसमोर आणले तर या मांडणीची कल्पना यायला वेळ लागणार नाही. लाकडी छप्पर हलके असते, त्याला पातळ भिंत आणि बारीक खांब पुरतात, वर भरपूर खिडक्या काढता येतात. त्यात एकच वैगुण्य. ते जळते.

आणि ते वरचेवर जळे. चर्चमध्ये मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे अहोरात्र, भोवती गवताने शाकारलेली घरे, त्यात नवव्या-दहाव्या शतकांत उत्तरेकडून व्हायकिंग आणि पूर्वेकडून मग्यार यांच्या धाडी. आग कशी लागे याचे एक तपशीलवार वर्णन इंग्लंडमधल्या कँटरबरी येथील गर्व्हेस नावाच्या मठवासियाने लिहून ठेवले आहे. ५ सप्टेंबर ११७४ या दिवशी चर्चच्या आवाराबाहेर तीन झोपड्या पेटल्या. त्या विझवून लोक घरी गेले. पण वाऱ्याने उडालेल्या ठिणग्या चर्चच्या छपरावरच्या शिशाच्या पत्र्यांच्या फटींतून आत शिरल्या होत्या. वर शिसे, खाली रंगवलेले लाकडी छत, आणि दोहोंच्या मधे वासे धुमसत राहिलेले. बाहेरून दिसेना, आतून दिसेना. शिसे वितळू लागले तेव्हा कळले, आणि तोवर फार उशीर झाला होता. जेमतेम चव्वेचाळीस वर्षांपूर्वी वाजतगाजत उघडलेला चर्चचा तो सारा पूर्वभाग खाक झाला. बर्गंडीतल्या वेझले येथे ११२० च्या जुलैत लागलेल्या आगीत तर हजारावर यात्रेकरू मेल्याची नोंद आहे.

दगडी छत असते तर छप्पर जळलेच नसते असे नाही. दगडी छताच्या वरही पावसापासून रक्षण म्हणून लाकडी छप्पर असतेच. पण ते जळाले तरी खाली कोसळत नाही. दगड त्याला वरच्या वर झेलतो. पॅरिसचे नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ ला पेटले ते साऱ्या जगाने दूरदर्शनवर पाहिले. ओकच्या तुळयांचे ते रान जळून गेले, मनोरा छत फोडून आत पडला, तरी दगडी छताचा बहुतेक भाग टिकला आणि खालचे चर्च वाचले. नोत्र दाम पुढच्या, गॉथिक शैलीतले. पण छत दगडाचे असावे हा हट्ट तिने उचलला तो या आधीच्या शैलीकडून.

आगीची भीती हे एकच कारण होते असे मात्र मानू नये. दगडी छताखाली आवाज घुमतो, आणि दिवसरात्र स्तोत्रे गाणाऱ्या मठांना ते घुमणे हवे होते. शिवाय देवाचे घर माणसाच्या घरापेक्षा टिकाऊ असावे, ही साधी भावनाही होती. धाडी थांबल्या, मग्यारांचा ९५५ मध्ये पराभव होऊन ते स्थिरावले, शेती वाढली, मठांकडे जमिनी आणि पैसा आला. राऊल ग्लाबेर हा बर्गंडीतला मठवासी लिहितो, की इसवी सन १००० उलटून तीनेक वर्षे होतात तो जिकडेतिकडे, विशेषतः इटलीत आणि गॉलमध्ये, चर्चे नव्याने बांधण्याची चढाओढ लागली. जुनी धडधाकट होती तीसुद्धा लोकांनी पाडली. बांधण्याच्या या ओढीतच दगडी छताचा प्रयोग पुढे सरकला.

आता अडचण पाहू. दगड दाब कितीही सोसतो, पण वाकवायला गेले की तडकतो. म्हणून दोन खांबांवर आडवी शिळा टाकून फार रुंद जागा झाकता येत नाही. आपल्या देवळांतल्या स्थपतींनी यावर वेगळा तोडगा काढला होता. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे छत मान वर करून पाहिले तर दिसते, की वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत सरकवत मधली जागा मिटवीत आणलेली आहे. यात वजन बहुतांशी सरळ खाली उतरते. युरोपातल्या गवंड्यांनी धरली ती रोमनांची कमानीची वाट. पाचरीच्या आकाराचे दगड अर्धवर्तुळात बसवायचे, शेवटी माथ्यावरचा दगड ठोकायचा आणि खालचे लाकडी सेंट्रिंग काढून घ्यायचे. दगड एकमेकांना घट्ट दाबून धरतात आणि कमान उभी राहते. पण दोन शिड्या माथ्याला माथा टेकवून उभ्या केल्या तर त्यांचे पाय जसे बाहेर सरकू पाहतात, तसेच कमानीचे होते. ती खाली तर दाबतेच, पण बाहेरही ढकलते, आणि हे ढकलणे एक क्षणही थांबत नाही.

हीच कमान लांबच लांब ओढत नेली की बोगद्यासारखे छत होते. रेल्वेच्या बोगद्याला दोन्ही बाजूंनी डोंगराचा आधार असतो. चर्चचा हा बोगदा मात्र सत्तर-ऐंशी फूट उंच हवेत, दोन भिंतींच्या माथ्यावर तोललेला, आणि भिंतींना संपूर्ण लांबीभर बाहेर रेटणारा. भिंत जाड केली तरच ती तग धरणार. तिला खिडकी पाडली की ती तिथेच दुबळी होणार. म्हणून खिडक्या थोड्या, लहान, आणि जाडीमुळे आत उतरत्या कापलेल्या. बारीक खांबांना हे वजन पेलवेना, म्हणून चौकोनी, अंगाला अर्धे खांब चिकटवलेले दणकट स्तंभ आले. भिंतींना बाहेरून दगडी टेकू आले. पाठ्यपुस्तकातल्या त्या यादीतली निम्मी कलमे या एका रेट्याची लेकरे आहेत.

रोमन लोकांनाही असली छते बांधता येत होती, पण त्यांच्याजवळ काँक्रीट होते. रोममधल्या पँथिऑनचा त्रेचाळीस मीटर व्यासाचा घुमट काँक्रीटचा आहे. पश्चिम युरोपात ती विद्या केव्हाच मागे पडलेली. अकराव्या शतकातल्या गवंड्याजवळ होते ते सुटे दगड, चुना, ओळंबा आणि दोरी. रोमनांनी ज्या साधनाने जे साधले ते यांना त्या साधनाशिवाय साधायचे होते. याला नक्कल बिघडणे म्हणावे, की नवे गणित नव्याने सोडवणे म्हणावे?

या गणिताचे एक सुंदर उत्तर दक्षिण फ्रान्समध्ये, काँक नावाच्या डोंगरकपारीतल्या चिमुकल्या गावात उभे आहे. तिथे सेंट फॉय या बालहुतात्मा मुलीच्या अस्थी आहेत, आणि त्या तिथे आल्या कशा ही गोष्ट मोठी मासलेवाईक आहे. मूळ अस्थी होत्या आझाँ गावच्या चर्चमध्ये. काँकच्या मठातला एक मठवासी तिथे जाऊन राहिला, वर्षानुवर्षे इमानाने सेवा करून त्याने सर्वांचा विश्वास संपादन केला, आणि ८६६ च्या सुमारास एके रात्री अस्थी उचलून तो काँकला परतला. गंमत अशी, की काँकच्या मठाने ही चोरी लपवली नाही. संताच्या इच्छेवाचून अस्थी हलतच नाहीत, अर्थात तिलाच आमच्याकडे यायचे होते, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. अस्थींसाठी रत्नजडित सोन्याची मूर्ती घडवली गेली. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला जाणारे लोक वाटेत काँकला थांबू लागले. गाव उजेडात आले आणि जुने चर्च पुरेना.

अकराव्या शतकाच्या मध्याला सुरू झालेले नवे चर्च या गर्दीचा विचार करूनच आखलेले आहे. यात्रेकरूंनी दारातून शिरावे, पडवीतून पुढे जावे, वेदीच्या मागून वळसा घालावा, वाटेत कोनाड्यासारख्या छोट्या छोट्या देवघरांत माथा टेकवावा आणि दुसऱ्या पडवीतून बाहेर पडावे. मधल्या दालनात चाललेल्या मठवासियांच्या उपासनेत व्यत्यय यायला नको. हा वेदीमागचा अर्धगोल मार्ग म्हणजे आपल्या देवळातला प्रदक्षिणामार्गच; फक्त पूर्ण फेरा नाही. तूलूझचे साँ सेर्नाँ आणि खुद्द सांतियागोचे चर्च यांची आखणी याच धाटणीची. तूलूझचे ११५ मीटर लांब आहे आणि १०९६ मध्ये पोप दुसरा अर्बन याने त्याचे पवित्रीकरण केले.

काँकच्या मधल्या दालनाचे बोगदा-छत जमिनीपासून बावीस मीटर उंच आहे. त्याचा रेटा थोपवला कसा? पडव्यांवर माडी चढवून. या माडीचे छत म्हणजे अर्धी कमान, एक बाजू बाहेरच्या भिंतीवर आणि दुसरी मधल्या छताच्या बगलेला टेकलेली. पडत्या माणसाला दोन्ही बाजूंनी खांदा द्यावा तशी. याची किंमत एवढीच, की माडीमुळे मधल्या दालनाला वरून थेट उजेड घेता येत नाही. तो पडव्यांच्या आणि माडीच्या खिडक्यांतून गाळून येतो. आणखी एक चतुराई लक्षात घेण्यासारखी आहे. बोगदा सलग न ठेवता ठराविक अंतरावर आडव्या कमानी टाकून त्याचे खण पाडले आहेत. आपल्याकडे घर किती खणी हे जसे सांगत, तसे हे चर्चही खणांनी मोजावे. एका खणाचे काम आटोपले की तेच लाकडी सेंट्रिंग पुढच्या खणाला ढकलायचे. लाकडाची बचत होई, आणि चर्चच्या आत एक ताल येई.

दारावरच्या अर्धगोल शिळापटावर अखेरच्या न्यायनिवाड्याचा देखावा कोरला आहे. शंभराहून अधिक आकृत्या. मधे ख्रिस्त, एक हात वर, एक खाली. एका बाजूला स्वर्गातली शिस्त आणि दुसऱ्या बाजूला नरकातली झुंबड. गळ्यात पैशाची थैली अडकवून फासावर लटकलेला कंजूष आहे, घोड्यावरून डोक्यावर आपटणारा गर्विष्ठ सरदार आहे. स्वर्गाच्या बाजूला सेंट फॉय गुडघे टेकून बसलेली, आणि तिच्या मागे तिने सोडवलेल्या कैद्यांच्या बेड्या टांगलेल्या. कडेच्या पट्टीआडून काही चिमुकले चेहरे बोटांनी कड धरून हा सारा तमाशा चोरून पाहत आहेत. वाचता न येणाऱ्या यात्रेकरूसाठी हा दगडी कीर्तनकारच होता, आणि कीर्तनकाराला शोभेल असा विनोदही त्याच्याजवळ होता.

सगळ्यांनाच हे रुचत होते असे नाही. क्लेर्व्होचा बर्नार्ड हा कडव्या शिस्तीचा संत. त्याने ११२५ च्या सुमारास एका पत्ररूप ग्रंथात मठांतल्या या कोरीवकामावर कोरडे ओढले. दोन धडांची एक डोकी, अर्धे घोडे अर्धी बकरी असले प्राणी मठात कशाला? मठवासियांचे ध्यान यात हरवते, आणि दारात गरीब उघडे असताना भिंती सोन्याने मढवल्या जातात, हा त्याचा राग. रागाने का होईना, त्या शिल्पांचे इतके बारकाईने वर्णन करणारा दुसरा समकालीन मला तरी आठवत नाही. ओताँच्या चर्चवरील शिल्पपटाची तऱ्हा आणखी वेगळी. ख्रिस्ताच्या पायाशी ‘हे गिस्लबेर्तुसने केले’ अशा अर्थाची लॅटिन ओळ आहे. तो शिल्पकार की पैसे देणारा, यावर पंडितांचा वाद आहे. १७६६ मध्ये तिथल्या धर्माधिकाऱ्यांना हे काम गावंढळ वाटले. त्यांनी त्यावर गिलावा चढवला आणि पुढे डोकावणारे ख्रिस्ताचे मस्तक छाटून टाकले. त्या गिलाव्यामुळेच राज्यक्रांतीतल्या घणांपासून तो पट बचावला. १८३७ मध्ये गिलावा निघाला, आणि मस्तक परत जागेवर बसायला १९४८ उजाडले.

गणित दरवेळी सुटलेच असे नाही. क्लूनीच्या मठाने १०८८ मध्ये जे चर्च आरंभले ते १८७ मीटर लांबीचे. सोळाव्या-सतराव्या शतकांत रोमचे नवे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे चर्च नव्हते. त्याचे छत सुमारे तीस मीटरांवर नेले, आणि ११२५ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. क्लूनीने तो परत बांधला. वेझलेच्या आगीनंतर जे मधले दालन उभारले गेले त्यात आजही डोळ्यांना दिसते, की भिंती वर जाता जाता बाहेर कलल्या आहेत आणि छताच्या आडव्या कमानी माथ्याशी चपटल्या आहेत. १८४० मध्ये व्हियोले-ल-द्युक या सव्वीस वर्षांच्या तरुणाकडे तिच्या दुरुस्तीचे काम सोपवले गेले तेव्हा इमारत पडण्याच्या बेतात होती. त्याने ती सावरली.

जिथे जसे जमले तसे उत्तर काढले गेले. बर्गंडीतल्याच तूर्नूच्या गवंड्यांनी बोगदा उभा न ठेवता आडवा केला. प्रत्येक खणावर एक एक छोटा बोगदा, चर्चच्या लांबीला काटकोनात. मग शेजारचे बोगदे एकमेकांचा रेटा परस्पर थोपवतात आणि भिंतीत मोठ्या खिडक्या काढायला मोकळीक मिळते. कल्पना इतकी शहाणपणाची, की तिचे अनुकरण फारसे का झाले नाही याचे आश्चर्य वाटते. बहुधा आतून दिसायला ती तुकड्यातुकड्यांची वाटली असावी. ऱ्हाइनकाठच्या श्पायरला सम्राट दुसरा कोनराड याने सुरू केलेले चर्च १०६१ मध्ये लाकडी छतानिशी पुरे झाले होते. वीस वर्षांत त्याचा नातू चौथा हेन्री याने ते छत काढून दगडाचे घालायला घेतले. इथे दोन बोगदे काटकोनात एकमेकांना छेदतात, त्यामुळे सारा रेटा चार कोपऱ्यांत गोळा होतो आणि मधल्या भिंतीचा भार हलका होतो. हाच हेन्री १०७७ मध्ये कानोसाच्या बर्फात पोपची क्षमा मागत उभा होता. श्पायरचे तेहेतीस मीटरांवरचे छत पाहताना ती गोष्ट आठवली की त्याच्या उंचीत थोडा राजकारणाचा अंशही दिसू लागतो.

इंग्लंडमध्ये डरमला १०९३ मध्ये नॉर्मन जेत्यांनी काम काढले. तिथे छेदरेषांवरच दगडी बरगड्या उभारल्या आणि त्यांच्या मधली जागा भरून काढली. गोल खांब इतके जाड, की त्यांचा घेर आणि उंची जवळजवळ सारखी, आणि त्यांवर नागमोडी, चौकड्यांच्या खोल रेघा कोरलेल्या. ११३३ मध्ये हे चर्च पुरे झाले तेव्हा त्याच्या मधल्या दालनातल्या आडव्या कमानींना टोक आलेले होते. बरगड्या आणि टोकदार कमान : पुढे पॅरिसच्या आसपास ज्या गॉथिक शैलीने भिंतींच्या जागी काच बसवली, तिची सामग्री इथे जमलेली दिसते. जिला ‘बिघडलेली’ म्हटले तिच्या पोटातून ती निघाली.

आणि पिसा? पिसाने यातले काहीच केले नाही. कमानींच्या रांगांवर रांगा, पांढऱ्या-काळ्या संगमरवराचे पट्टे, जुन्या रोमन इमारतींतून आणलेले खांब, असा सगळा थाट. पण मधल्या दालनावर लाकडी छत. इटलीत रोमची आठवण जवळची होती. तिथल्यांना सभागृहाचा जुना नमुना मोडावासा वाटला नाही. १५९५ मध्ये ते छत जळाले. म्हणजे एका नावाखाली मोजल्या जाणाऱ्या या शैलीला एक व्याकरण असे नव्हतेच. पश्चिम फ्रान्समधल्या साँ साव्हँची बोलच वेगळी. तिथे सतरा मीटर उंचीवरचा अख्खा बोगदा बायबलच्या कथांनी रंगवला आहे. पिरेनीजमधल्या कातालान खेड्यांत लोंबार्डीच्या गवंड्यांच्या पद्धतीने बांधलेली उंच मनोऱ्यांची साधी चर्चे आहेत. त्यांतल्या ताउल येथील ११२३ च्या चर्चमधली भित्तिचित्रे परदेशी विकली जाण्याच्या भीतीने १९१९ ते १९२३ या काळात अलगद सोलून बार्सिलोनाच्या संग्रहालयात नेली गेली. मैलामैलावर बोली पालटते असे आपण म्हणतो. इथे दगड पालटत गेला.

या वारशाची वाट पुढे कशी लागली तेही सांगितले पाहिजे. राज्यक्रांतीनंतर क्लूनीचे चर्च १७९८ मध्ये दगडांच्या भावात विकले गेले. खरेदीदारांनी ते खाणीसारखे फोडले, आणि पंचवीस वर्षांत त्याचा दहावा हिस्साही उरला नाही. काँकला मात्र निराळे घडले. मठाचा खजिना जप्त होण्याआधी गावकऱ्यांनी तो घरोघरी दडवला, आणि धामधूम सरल्यावर ती सोन्याची मूर्ती तिच्या जागी परत आणून ठेवली. गरीब डोंगरी गाव होते ते. चर्च मात्र मोडकळीस आले होते. १८३७ मध्ये प्रॉस्पेर मेरिमे तिथे पोचला. ‘कार्मेन’ ही कथा लिहिणारा हाच, पण त्याची नोकरी ऐतिहासिक वास्तूंच्या निरीक्षकाची. इतक्या आडरानात इतके वैभव असेल अशी त्याला कल्पना नव्हती. त्याच्या अहवालामुळे पॅरिसहून पैसा आला आणि चर्च उभे राहिले.

काँकपासून जवळच्या रोडेझ गावी १९१९ साली जन्मलेला पिएर सूलाझ शाळकरी वयात हे चर्च पाहून गेला होता. पुढे तो काळ्या रंगाचा चित्रकार म्हणून जगभर गाजला. १९८७ मध्ये या चर्चच्या खिडक्यांना नव्या काचा करण्याचे काम त्याच्याकडे आले. रंगीत काच त्याने साफ नाकारली. आरपार दिसणार नाही पण उजेड आत पसरेल अशी बिनरंगी काच त्याने मुद्दाम बनवून घेतली. सात वर्षे हे काम चालले. १९९४ मध्ये ते पुरे झाले तेव्हा बसवलेल्या जागांची मोजदाद झाली ती एकशेचार भरली. अंधारी म्हणून हिणवल्या गेलेल्या शैलीतल्या एका लहानशा चर्चला, जाड भिंतींना जपत जपत, त्या गवंड्यांनी एकशेचार ठिकाणी भोक पाडले होते.